चाकांवरचे घर आणि कर्जाचा कच्चा कागद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इंडियाना या राज्याच्या उत्तर टोकाला एल्कहार्ट नावाचे गाव आहे. एके काळी हे गाव बँडची पितळी वाद्ये घडविण्यासाठी नावाजलेले होते. आज त्याची ख्याती निराळ्याच वस्तूसाठी आहे. ती वस्तू म्हणजे चाकांवरचे घर. त्या देशात तयार होणाऱ्या अशा घरांपैकी बहुसंख्य घरे एल्कहार्टच्या आसपासच्या कारखान्यांतून बाहेर पडतात. अमेरिकन लोक त्याला ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ म्हणतात आणि बोलताना नुसते ‘आर. व्ही.’ म्हणतात. काही घरांना स्वतःचे इंजिन असते, ती ‘मोटर होम’. काही नुसत्या चाकांच्या गाड्यावर बसविलेली असतात आणि एखाद्या दणकट पिकअप गाडीमागे जोडून ओढावी लागतात, ते ‘ट्रेलर’. आत पलंग, चूल, शीतकपाट, न्हाणीघर, पाण्याची टाकी अशी सारी व्यवस्था असते. निवृत्त झालेली जोडपी राहते घर विकून किंवा भाड्याने देऊन अशा घरात बिऱ्हाड थाटतात आणि हिवाळा आला की पक्ष्यांप्रमाणे दक्षिणेकडे अॅरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा या उबदार राज्यांकडे वळतात.

या वस्तूचे एक वैशिष्ट्य असे, की ती घर आहे की वाहन याचा निर्णय ज्याच्या त्याच्या सोयीने होतो. आयकर खात्याच्या दृष्टीने, आत निजण्याची, रांधण्याची आणि शौचाची सोय असेल तर ते घर ठरते आणि त्यावरील कर्जाच्या व्याजाची सवलत दुसऱ्या घराप्रमाणे मागता येते. कर्ज देणाऱ्या बँकेच्या दृष्टीने मात्र ते रात्रीतून शेजारच्या राज्यात निघून जाऊ शकणारे तारण होय. सदोष मोटारींसंबंधी जे कायदे निरनिराळ्या राज्यांनी केले आहेत, त्यांतले पुष्कळसे मोटर होमच्या इंजिनाला आणि सांगाड्याला लागू होतात, पण त्यावर बसविलेल्या राहण्याच्या भागाला हात लावीत नाहीत. घर म्हणावे तर पाया नाही आणि गाडी म्हणावी तर स्वयंपाकघर आहे, अशी ही त्रिशंकू स्थिती. तिचा खरा ताप गिऱ्हाइकाला होतो तो खरेदीच्या दिवशी नव्हे, त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी.

उदाहरणादाखल एक जोडपे कल्पावे. नवरा टपालखात्यातून निवृत्त झालेला, बायको शाळेत शिकवीत असे. सप्टेंबर महिन्यात पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे चाकांवरच्या घरांचे मोठे प्रदर्शन भरते. फ्लोरिडातील टँपा येथे असेच प्रदर्शन जानेवारीत असते. तशा एखाद्या प्रदर्शनात दोघांनी एक नवा ट्रेलर पसंत केला. किंमत ७२,००० डॉलर. त्यांचा जुना ट्रेलर विक्रेत्याने ८,००० डॉलरला मोबदल्यात घेतला, ४,००० डॉलर रोख भरले आणि उरलेल्या ६०,००० डॉलरचे कर्ज पंधरा वर्षांच्या मुदतीने, दरसाल शेकडा ८ व्याजाने ठरले. कर आणि किरकोळ आकार हिशेबाच्या सोयीसाठी बाजूला ठेवू. विक्रेत्याच्या आतल्या खोलीत कर्जव्यवहार पाहणारा मनुष्य बसलेला असतो. त्याने कागदांची चळत पुढे केली, जिथे खूण केली होती तिथे दोघांनी सह्या केल्या. मग कारागिराने तासभर हिंडवून पाण्याचा नळ कुठे जोडायचा, गॅसची टाकी कशी उघडायची, घराचा सरकता भाग बाहेर कसा काढायचा हे दाखविले. ट्रेलर गाडीमागे जोडला गेला, तात्पुरत्या क्रमांकाचा कागद मागे चिकटविला गेला, सर्वांनी हस्तांदोलन केले आणि जोडपे निघाले.

नवव्या दिवशी दूरध्वनी वाजला. तोवर ती दोघे तीन राज्ये ओलांडून गेली होती. कपाटांत कपडे लावले होते, खिडक्यांना पडदे शिवून झाले होते. पलीकडून आतल्या खोलीतल्या त्याच माणसाचा आवाज आला, तसाच गोड. बँकेकडून थोडी अडचण आली आहे, म्हणाला. कर्ज ठरल्या दराने मंजूर झाले नाही. दुसरी एक संस्था तयार आहे, पण दर शेकडा ११ पडेल. नव्या कागदावर सही करावी, नाही तर ट्रेलर परत आणून द्यावा. जुना ट्रेलर? तो विकला गेला.

हे काय घडले ते समजण्यासाठी त्या व्यवहाराची ठेवण पाहिली पाहिजे. अमेरिकेत विक्रेत्याच्या दुकानात बसून हप्त्यांवर गाडी घेणाऱ्या मनुष्याला वाटते, की आपल्याला बँक कर्ज देत आहे. वस्तुतः सहीच्या क्षणी बँक तिथे नसतेच. करार होतो तो गिऱ्हाईक आणि विक्रेता यांच्यात. विक्रेता म्हणतो, वस्तू घे आणि पैसे मला हप्त्यांनी दे. म्हणजे सावकार विक्रेताच. परंतु पंधरा वर्षे हप्ते गोळा करीत बसण्याइतके भांडवल त्याच्याजवळ नसते. म्हणून तो हा करार एखाद्या बँकेला विकून टाकतो. आपल्याकडे पेढीवर हुंडी वटवीत, तिच्या पाठीवर बेचान लिहून ती पुढे देत, त्याच जातीचा हा प्रकार. हुंडी घेणारा पेढीवाला जशी आधी लिहिणाऱ्याची पत पाहतो, तशी बँक गिऱ्हाइकाची पत पाहते आणि मगच कागद विकत घेते. तिने घेतला नाही, तर तो विक्रेत्याच्या गळ्यात पडतो. विक्रेत्याला तो नको असतो.

आता प्रश्न असा, की बँकेचा होकार येण्याआधीच माल का देऊन टाकायचा? त्याचे उत्तर धंद्यात आहे. शनिवारी सायंकाळी बँका बंद असतात आणि गिऱ्हाईक मात्र समोर उभे असते. त्याला सोमवारपर्यंत घरी पाठविले तर तो रात्री अंथरुणात पडल्यापडल्या हिशेब करील, मुलाला विचारील, शेजारच्या गावच्या विक्रेत्याकडे भाव काढील. तेच ट्रेलर त्याच्या अंगणात उभा राहिला, शेजारीपाजारी पाहून गेले, की माघार घेणे कठीण. म्हणून तेथे जागच्या जागी ताबा देण्याची रीत पडली. तिला ‘स्पॉट डिलिव्हरी’ म्हणतात. आणि ताबा दिल्यावर कर्ज फिसकटल्याचे सांगून गिऱ्हाइकाला परत बोलावण्याच्या प्रकाराला लोकांनी नाव दिले आहे ‘यो-यो’. दोरीला बांधलेली चकती खाली सोडली की पुन्हा हातात येते, ते मुलांचे खेळणे. नाव विनोदी असले तरी दोरीच्या खालच्या टोकाशी कोण असतो हे त्यात नेमके आले आहे.

प्रत्येक वेळी विक्रेत्याच्या मनात कपट असते असे मात्र नाही. बँका खरोखरच नकार देतात, आणि चाकांवरच्या घरांच्या बाबतीत मोटारींपेक्षा अधिक कारणांनी देतात. मोटारीचे कर्ज पाच-सात वर्षांचे. या घरांचे दहा, पंधरा, वीस वर्षांचेही असते. वस्तूची किंमत तर कारखान्यातून बाहेर पडताच उतरणीला लागते. उत्पन्नाचा दाखला जुळला नाही, नोकरी विचारायला गेल्यावर दूरध्वनी कोणी उचलला नाही, विमा वेळेवर उतरला नाही, अशी बारीकसारीक कारणे असतातच. पण एक कारण खास याच धंद्यातले आहे आणि ते मोठे चमत्कारिक आहे.

जे लोक राहते घर विकून बारा महिने चाकांवरच राहतात, त्यांना तिकडे ‘फुल-टाइमर’ म्हणतात. पुष्कळ बँका अशा लोकांना कर्जच देत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की कर्जदार हप्ते चुकवू लागला तर त्याला शोधायचे कुठे? आणि सापडला तरी माणसाला त्याच्या एकुलत्या एक घरातून बाहेर काढण्याचा प्रसंग कोणी ओढवून घ्यावा? आता या भटक्या लोकांना टपाल मिळण्यासाठी आणि गाडीची नोंदणी करण्यासाठी कुठला तरी पत्ता लागतोच. साउथ डकोटा, टेक्सास, फ्लोरिडा या राज्यांत अशी पत्रे गोळा करून पुढे पाठविण्याचा धंदाच चालतो. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे ‘एस्केपीज’ नावाची, १९७८ साली निघालेली, अशा प्रवाशांची मोठी संस्था आहे आणि तिच्या पत्त्यावर असंख्य कुटुंबांचे टपाल येते. गिऱ्हाईक प्रामाणिकपणे तोच पत्ता अर्जात लिहिते. विक्रेत्याचा मनुष्य बघतो न बघतो आणि अर्ज पुढे सरकवितो. आठ दिवसांनी बँकेतल्या कारकुनाच्या ध्यानात येते, की हे घर नव्हे, ही टपालपेटी आहे. झाले, कागद परत! गिऱ्हाईक तोवर त्या घरात राहायला गेलेले असते, कारण त्याला दुसरे घर उरलेलेच नसते.

काळही या व्यवहाराला कधी अनुकूल, कधी प्रतिकूल असतो. २००८ साली अमेरिकेतील पतव्यवहार गोठला तेव्हा चाकांवरच्या घरांना कर्ज देणारे हात आखडले आणि त्याचा पहिला तडाखा एल्कहार्टला बसला. फेब्रुवारी २००९ मध्ये अध्यक्ष ओबामा त्या गावी गेले तेव्हा तिथे काम मागणाऱ्या दर शंभरांमागे पंधराहून अधिक माणसे बेकार होती. पुढे साथीच्या काळात उलटे घडले. विमानप्रवास आणि हॉटेले बंद पडल्यावर लोकांना ही घरे हवीशी झाली, आणि २०२१ या एका वर्षात सहा लाखांहून किंचित अधिक घरे कारखान्यांतून बाहेर पडली. मग मध्यवर्ती बँकेने व्याजाचे दर वाढविण्यास प्रारंभ केला. २०२२ च्या आरंभी शून्याजवळ असलेला मूळ दर जुलै २०२३ मध्ये शेकडा सव्वापाच ते साडेपाच यांच्या दरम्यान पोहोचला. त्या वर्षी बाहेर पडलेल्या घरांचा आकडा तीन लाख तेरा हजारांवर आला. दर असे चढत असले म्हणजे सहीच्या दिवशी ठरलेले व्याज आणि बँक कागद घ्यायला तयार होते त्या दिवशीचे व्याज यांत अंतर पडते. ते अंतर कोणी सोसावयाचे, हाच तो दूरध्वनी.

त्या अंतराचा हिशेब मांडून पाहणे बरे, कारण आतल्या खोलीत तो मांडला जात नाही. तिथे फक्त दरमहा किती ते सांगतात. ६०,००० डॉलर, पंधरा वर्षे, शेकडा ८ : हप्ता ५७३ डॉलर आणि वर काही सेंट, एकूण परतफेड १,०३,२१० डॉलर. तेच शेकडा ११ ने घेतले तर हप्ता ६८२ डॉलर आणि एकूण परतफेड १,२२,७५० च्या घरात. दरमहा फरक १०९ डॉलरचा. गोड आवाजात सांगितला तर दोन माणसांच्या दोन-तीन वेळच्या बाहेरच्या जेवणाइतका. पंधरा वर्षांत तो साडेएकोणीस हजारांवर जातो. जुन्या ट्रेलरच्या बदल्यात जे मिळाले त्याच्या दुपटीहूनही अधिक. आणि पहिल्या, स्वस्त म्हणविणाऱ्या कर्जाची गतही पाहण्यासारखी आहे. पाच वर्षे इमानाने हप्ते भरले, म्हणजे ३४,४०० डॉलर दिले, तरी मुद्दल उतरते अवघे १२,७४० ने. ४७,२६० डॉलर देणे उरतेच. पाच वर्षे वापरलेल्या ट्रेलरला बाजारात तेवढे पैसे येतील अशी आशा धरणारा मनुष्य विरळा. वस्तूपेक्षा कर्ज मोठे, अशी ही अवस्था. आणि ती एकदा आली की घर विकूनही सुटका नाही.

व्याजाच्या दरात विक्रेत्याचाही वाटा असतो, हे बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक नसते. बँक विक्रेत्याला सांगते, हा कागद आम्ही ७ टक्क्यांनी घेऊ. विक्रेता गिऱ्हाइकाला ८ सांगतो. वरच्या एका टक्क्यातला मोठा हिस्सा विक्रेत्याच्या पदरात पडतो. हे बेकायदा नाही. म्हणजे दूरध्वनीवर बँकेने दर वाढविला असे सांगण्यात येते, तेव्हा त्या वाढीतला किती भाग बँकेचा आणि किती विक्रेत्याचा, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही.

आता कायदा काय म्हणतो? पहिली गोष्ट, एक गैरसमज. पुष्कळ अमेरिकन लोक ठामपणे सांगतात, की कोणतीही खरेदी तीन दिवसांत रद्द करता येते. तसा नियम आहे खरा. फेडरल व्यापार आयोगाने तो १९७२ साली केला. परंतु तो दारोदार हिंडून माल गळ्यात मारणाऱ्यांसाठी. दुकानात जाऊन केलेल्या खरेदीला तो लागू नाही. तात्पुरत्या मांडवात, प्रदर्शनात घेतलेल्या वाहनाला तरी लागू व्हावा की नाही? तेही नाही, विक्रेत्याची कुठे तरी एक कायमची पेढी असली की वाहनांना त्यातून सूट आहे. अॅरिझोनातील क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात दर जानेवारीला चाकांवरच्या घरांचे प्रदर्शन प्रचंड तंबूत भरते. तिथे सही करणाऱ्यालाही ते तीन दिवस सहसा मिळत नाहीत.

दुसरा कायदा १९६८ सालचा, ‘ट्रूथ इन लेंडिंग’ म्हणजे कर्जव्यवहारातील सत्यकथनाचा. वार्षिक दर किती, व्याजापोटी एकंदर किती, कर्ज किती आणि सगळे मिळून किती भरावे लागेल, हे चार आकडे सहीपूर्वी लेखी द्यावेत असे तो सांगतो. कायदा चांगला आहे; पण त्याला एक मर्यादा आहे. आरंभी ती २५,००० डॉलरची होती, नंतरच्या दुरुस्तीने २०११ मध्ये ५०,००० झाली आणि मग महागाईप्रमाणे वाढत २०२५ साली ७१,९०० वर आली. त्यापेक्षा मोठे कर्ज असेल तर कायदा बाजूला उभा राहतो. मोटारीला ही मर्यादा पुरून उरते. पण इंजिनासकट येणारी मोठी मोटर होम लाखो डॉलरची असतात! जितके कर्ज मोठे तितके संरक्षण कमी, असा हा न्याय. त्याला एक अपवाद आहे: तारण दिलेली वस्तू हेच कर्जदाराचे मुख्य राहते घर असेल, तर मर्यादा आड येत नाही. म्हणजे ज्या फुल-टाइमर जोडप्याला बँक दारात उभे करीत नाही, त्यालाच कायदा आत घेतो. ‘इथेच राहणार’ असे सांगावे तर कर्ज जाते, न सांगावे तर कायदा जातो.

ताबा दिल्यानंतर गिऱ्हाइकाला परत बोलावण्याच्या प्रकाराकडे सरकारचे लक्ष गेले नाही असे नाही. २०१६ मध्ये फेडरल व्यापार आयोगाने लॉस एंजलिसच्या एका मोटारविक्रेत्या गटावर या कारणासाठी दावा लावला, आणि पुढील वर्षी तो ३६ लाख डॉलर देवविण्याच्या तडजोडीने मिटला. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने मोटारविक्रीतील फसवणुकीविरुद्ध एक व्यापक नियम जाहीर केला. विक्रेत्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने, आयोगाने नियम करण्याची विहित रीत पाळली नाही म्हणून, तो रद्द ठरविला. चाकांवरच्या घरांच्या मालकांनी मात्र त्याबद्दल हळहळण्याचे कारण नव्हते. त्या नियमाच्या व्याख्येतूनच मोटर होम आणि ट्रेलर वगळलेले होते.

उरली राज्ये. त्यांचे कायदे एकमेकांशी जुळत नाहीत. इलिनॉयमध्ये गिऱ्हाइकाची पत नापसंत झाली तर विक्रेत्याने घेतलेली आगाऊ रक्कम, मग ती रोख असो की वस्तुरूपाने, परत केली पाहिजे. व्हर्जिनियात खरेदीच्या कागदावर ठळक अक्षरांत सूचना छापावी लागते, की हा व्यवहार कर्ज मंजूर होण्यावर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियातील मोटारविक्रीच्या प्रचलित छापील करारात, कागद विकला गेला नाही तर विक्रेत्याने दहा दिवसांत करार रद्द करावा अशी तरतूद असते. मुदत टळल्यावर तो त्याच्या गळ्यात राहतो. इतर ठिकाणी सगळे अवलंबून असते सहीच्या दिवशी पुढे केलेल्या चळतीतल्या एका पानावर. त्या पानाला कुठे ‘सशर्त ताबा’ म्हणतात, कुठे नुसती ‘ठेव’. मुख्य करारात लिहिलेले असते, की हाच आणि एवढाच आपला करार. आणि त्या वेगळ्या पानावर लिहिलेले असते, की कर्ज विकले गेले तरच करार पक्का. दोन्हीवर त्याच मनुष्याची त्याच मिनिटाची सही. कुठला कागद खरा, यावर निरनिराळ्या न्यायालयांनी निरनिराळे निकाल दिले आहेत.

ते पान चळतीत नसेल, तर गिऱ्हाइकाची बाजू पुष्कळ बळकट असते. विक्रेत्याने सही केलेला करार त्यालाही बांधतो. बँकेने तो घेतला नाही ही त्याची अडचण. पण नवव्या दिवशी रस्त्यावर, बायको शेजारी काळजीने पाहत असता, दूरध्वनीवर हा युक्तिवाद सुचत नाही. सुचतो तो होकार.

म्हणून कल्पिलेल्या जोडप्याने काय केले असते तर बरे, तेही सांगितले पाहिजे. होकार देऊ नये आणि नकारही देऊ नये; प्रथम लेखी मागावे. कर्जासाठी अर्ज करणाऱ्यास नकार मिळाला तर तसे पत्र तीस दिवसांच्या आत देणे समान पतसंधीच्या १९७४ च्या कायद्याने सावकारावर बंधनकारक आहे, आणि कारणे त्यात नसतील तर ती मागून घेण्याचा हक्कही आहे. पतीच्या अहवालावरून नकार असेल तर तो अहवाल कुणी दिला हेही कळवावे लागते आणि साठ दिवसांत त्याची प्रत फुकट मिळते. या एका मागणीने बरेच धुके निवळते. बँकेने खरोखर नकार दिला असेल तर पत्र येते. दिला नसेल, तर असेही होऊ शकते की पुन्हा दूरध्वनी येतो आणि जुन्याच दराने जमून गेल्याची शुभवार्ता मिळते.

दुसरी मागणी जुन्या ट्रेलरची. करार मोडायचा तर दोन्ही बाजूंनी मोडला पाहिजे. विक्रेत्याने आपला माल परत मागावा आणि गिऱ्हाइकाचा माल विकून बसावे हा न्याय नव्हे. ट्रेलर विकलाच असेल तर कागदावर लिहिलेले ८,००० आणि रोख दिलेले ४,००० असे १२,००० डॉलर हातात पडल्याखेरीज किल्ली देऊ नये, असाच सल्ला तेथील वकील देतात. परत करावयाचा प्रसंग आलाच तर भर दिवसा, सर्व बाजूंची छायाचित्रे घेऊन, आतले सामान काढून आणि पोचपावती घेऊन करावा. पडदे सुद्धा काढून घ्यावेत.

कधी कधी धमकीही येते : वाहन चोरीला गेल्याची फिर्याद देऊ. सही करून, विक्रेत्याच्या माणसाने स्वतः गाडीमागे जोडून दिलेला ट्रेलर चोरीचा कसा, हे पोलिसांना समजावून सांगणे सोपे नाही, आणि म्हणून ती बहुधा धमकीच राहते. जप्तीचे मात्र तसे नाही. हप्ते खरोखर थकले तर तेथील व्यापारी संहितेप्रमाणे सावकार न्यायालयात न जाताही तारण ओढून नेऊ शकतो. अट इतकीच, की शांततेचा भंग होता कामा नये. मालक दारात उभा राहून नको म्हणत असता दांडगाई करून नेणे त्यात बसत नाही.

विक्रेत्याची बाजू थोडी ऐकली पाहिजे. त्याच्या अंगणात उभे असलेले पन्नास-साठ ट्रेलर बहुधा त्याचे स्वतःचे नसतात. ते उसन्या पैशावर उभे असतात. प्रत्येक ट्रेलरवर दुसऱ्याच एका वित्तसंस्थेचा बोजा असतो आणि तो विकला गेला की त्याचे पैसे तिला तत्काळ पोहोचवावे लागतात. गिऱ्हाइकाचा कागद बँकेने घेतला नाही तर पैसे आणायचे कुठून? सरळमार्गी विक्रेता अशा वेळी तोटा सोसतो किंवा माल परत घेऊन गिऱ्हाइकाचे पैसे मोजून देतो. अडचणीतला विक्रेता एका ट्रेलरचे पैसे दुसऱ्याच्या देण्यात घालतो, आणि मग गिऱ्हाइकाला मालकीचा दाखला मिळत नाही, जुन्या ट्रेलरवर काही कर्ज बाकी असल्यास ते फेडण्याचे त्याने घेतलेले वचन तसेच राहते, आणि जुनी बँक जुन्या मालकाच्या दारात उभी राहते. नेहमीच्या व्यवहारात, दुकानातून, सद्भावनेने माल घेणाऱ्याला विक्रेत्याच्या बोज्याची झळ लागू नये असा कायदा आहे. तथापि तो कायदा सिद्ध करून दाखला हातात पडेपर्यंत तात्पुरत्या क्रमांकाची मुदत संपून जाते आणि चाकांवरचे घर एका जागी उभे राहते.

हे टाळण्याचा मार्ग अनुभवी लोक सांगतात तो असा, की प्रदर्शनात पाऊल टाकण्यापूर्वीच आपल्या बँकेतून किंवा सभासदांच्या पतपेढीतून कर्ज लेखी मंजूर करून न्यावे. अमेरिकेत अशा पतपेढ्या गावोगाव आहेत. फुल-टाइमर असाल तर तसे आधीच उघड सांगावे. निवडक संस्था अशांनाही, जास्त आगाऊ रक्कम घेऊन, कर्ज देतात. विक्रेत्याच्या मार्फतच घ्यावयाचे ठरले तर बँकेचे नाव आणि तिचा होकार कागदावर पाहिल्याशिवाय ट्रेलर गाडीला जोडू देऊ नये, मग शनिवार असो की रविवार. जुन्या ट्रेलरच्या किल्ल्या शेवटी द्याव्यात. ज्यांची मुलेबाळे किंवा भाऊबंद तिकडे स्थायिक आहेत अशा श्रोत्यांना हे पत्रातून कळविण्यास हरकत नाही, कारण आता आपली माणसेही सुट्टीसाठी ही घरे भाड्याने घेता घेता विकत घेण्याच्या विचारात पडतात.

कागद खरोखर विकला गेला हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. खरेदीनंतर काही आठवड्यांनी टपालाने पहिल्या हप्त्याची सूचना येते. तिच्या माथ्यावर विक्रेत्याचे नाव नसते; कधी न पाहिलेल्या, दुसऱ्याच राज्यातल्या कुठल्या तरी बँकेचे असते. हप्ता ५७३, दर ८, मुदत १८० महिने, सगळे जुळत असले की ते पाकीट ट्रेलरमधील चुलीवरच्या फडताळात नीट ठेवून द्यावे. आणि त्यानंतरच दारावरची नवी पाटी भिंतीला स्क्रूने पक्की करावी.